बेडकांचा नांगर

एक नांगर चालला आहे. त्याला बैल नाहीत, बेडूक जुंपले आहेत. ओढायचे दोर म्हणजे शेतात माजणाऱ्या चिवट गवताच्या काड्या. फाळ खच्ची केलेल्या मेंढ्याच्या शिंगाचा, माती चिरणारं पातंही तसल्याच शिंगाचं. रुमणं सैतानाच्या हातात आहे, हाकायला ओळखीचाच एक गावकरी आहे आणि बाकीचा मेळा नांगरामागून शेतात खालीवर फिरतो आहे. या जमिनीचं पीक आम्हाला मिळू दे, इथे काटेकुसळं माजू देत, असं सगळे सैतानाकडे मागत आहेत. दोन फेरे होतात. काम संपतं.

हे सांगितलं इझोबेल गाउडीने. उत्तर स्कॉटलंडमध्ये, नेर्न गावापासून जवळच ऑल्डर्न नावाचं खेडं आहे. शेजारच्या लॉखलॉयला इझोबेल आपल्या नवऱ्याबरोबर, जॉन गिल्बर्टबरोबर राहत होती. तिच्यावर चेटकाचा आरोप आला आणि १६६२ सालच्या १३ एप्रिल, ३ मे, १५ मे आणि २७ मे अशा चार दिवशी ऑल्डर्नमध्ये तिचे जबाब घेतले गेले. समोर गावचा धर्मोपदेशक हॅरी फोर्ब्ज, आसपासची वजनदार मंडळी, आणि लिहून घ्यायला जॉन इन्स नावाचा नोटरी. खटला चालवायचा तर एडिंबराची परवानगी लागे, म्हणून हे सगळं कागदावर येणं भाग होतं. इझोबेलला लिहितावाचता येत असण्याची शक्यता फार थोडी. तिच्या तोंडून निघालेलं, दुसऱ्याच्या हाताने उतरलेलं आणि तिच्याच गळ्याला फास लावण्यासाठी जपून ठेवलेलं असं हे लिखाण आहे.

ते साहित्य म्हणून वाचावं का, हा प्रश्न टाळता येत नाही. त्या खोलीत बसलेल्या बाईला आपण काय निर्माण करतो आहोत याची फिकीर असणं शक्य नव्हतं. सहा आठवड्यांच्या त्या काळात तिला डांबून ठेवलेलं असणार. स्कॉटलंडमध्ये अशा बायकांना दिवसच्या दिवस झोपू न देण्याची पद्धत सर्रास होती. चेटकाविरुद्धचा कायदा तिथे १५६३ साली आला आणि १७३६ साली गेला. एडिंबरा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्या काळातल्या आरोपींची यादी केली, ती ३,८३७ नावांवर पोहोचली. त्यातल्या बहुतेक बायका. १६६१-६२ ची लाट सगळ्यांत मोठ्या लाटांपैकी एक होती, तिच्यात सहाशेहून जास्त लोक ओढले गेले. यादीतल्या बहुतेकींचं नाव आणि गाव एवढंच उरलं आहे. इझोबेलचं बोलणं उरलं आहे. ते निव्वळ पुरावा म्हणून वाचणारे लोक तिच्या काळात होतेच. आज आपणही त्याच नजरेने ते वाचलं, फक्त निकाल उलटा दिला, तर तिने काय सांगितलं आणि कसं सांगितलं हे पुन्हा एकदा बाजूलाच राहतं. म्हणून मला हा जबाब एखादी दीर्घकथा वाचावी तसा वाचावासा वाटतो. वाक्यापाशी थांबत, तपशील तपासत.

पहिल्या वाचनात सगळंच सारखं अद्भुत वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी थर सुटे व्हायला लागतात. सैतानाशी पहिली भेट घ्या. दोन वस्त्यांच्या मधल्या वाटेवर तो तिला भेटतो आणि रात्री ऑल्डर्नच्या चर्चमध्ये यायला सांगतो. ती जाते. तो वाचकाच्या चौथऱ्यावर उभा आहे, हातात काळं पुस्तक आहे. ती आपला बाप्तिस्मा नाकारते. एक हात टाळूवर आणि दुसरा तळपायाला लावून, या दोहोंमध्ये जे काही आहे ते सगळं त्याला देऊन टाकते. तो तिच्या खांद्याला खूण करतो, तिथलं रक्त चोखतो, ते तळहातावर थुंकून तिच्या डोक्यावर शिंपडतो आणि तिचं नाव जॅनेट ठेवतो.

दृश्य ठसठशीत आहे, पण त्याचा आराखडा तिचा नाही. बाप्तिस्म्याचा त्याग, अंगावरची खूण, नवं नाव, करार ही कलमं युरोपभरच्या खटल्यांत सापडतात. स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्स राजाने १५९७ साली चेटकावर स्वतः पुस्तक लिहिलं, तेव्हापासून तर ती तिथल्या शिकलेल्या माणसांना पाठच होती. प्रश्न विचारणाऱ्यांना हेच ऐकायचं होतं आणि कायद्यालाही हेच लागत होतं. सैतानाशी शरीरसंबंधाचे तपशील येतात तिथेही प्रश्नकर्त्यांची सावली मला दाट दिसते. कोणत्या बाईला कोणत्या पुरुषांनी काय विचारलं असेल, हे त्या उत्तरांवरूनच कळतं. तो भाग वाचून मी पुढे जाते.

मात्र त्याच सैतानाचं वर्णन करताना ती मध्येच सांगते की तो कधी बूट घालतो, कधी जोडे, पण काहीही घातलं तरी पाय दुभंगलेलेच दिसतात. बुटांबद्दल तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. ज्या ठिकाणी उत्तर प्रश्नापेक्षा मोठं होतं, तिथे कान टवकारावेत. इझोबेलच्या जबाबात अशी ठिकाणं पानोपानी आहेत.

सैतान आपल्या माणसांना मारतो, तो प्रसंग याच जातीचा आहे. मेळ्यातले लोक आपसात त्याला काळा जॉन म्हणतात. ते त्याला कुठूनतरी कळतं. तुम्ही माझ्याबद्दल काय बोलता ते मला ठाऊक आहे, असं म्हणत तो येतो आणि चाबकाने फोडून काढतो. इथपर्यंत कुठल्याही खटल्यात चालून गेलं असतं. पण इझोबेल मार खाणारे एकेक करून दाखवते. अलेक्झांडर एल्डर मऊ आहे, त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही, तो नुसता रडतो. मार्गारेट विल्सन हात वर करून वार चुकवते, आणि ते तिला छान जमतं. बेसी विल्सन जिभेची तिखट, ती सैतानालाही उलट बोलते आणि मागे हटत नाही. मालकाची पाठ वळली की त्याला नावं ठेवणारे, आणि तो समोर आला की आपापल्या स्वभावाप्रमाणे रडणारे, चुकवणारे, भांडणारे हे गडी आणि बाया तिने सैतानाच्या दरबारात पाहिलेल्या नाहीत. जमीनदाराच्या अंगणात पाहिलेल्या आहेत. नरकाचा कारभार तिने ऑल्डर्नच्याच मापाने बेतला आहे. चार ओळींत तीन माणसं उभी करणारी ही नजर कथाकाराची आहे, यात मला शंका नाही.

नावं ठेवण्यातही ती रमते. मेळ्यातल्या प्रत्येकाला टोपणनाव आहे. कुणी वाऱ्याच्या कडेचा दाणा, कुणी कुंपणापलीकडे उडी. हे दुसरं नाव जीन मार्टिन या तरुण मुलीचं. नाचताना सैतान तिचा हात धरून तिला शेजारी घेतो आणि उडी मारताना दोघं मिळून तेच शब्द ओरडतात, म्हणून ते नाव पडलं, असं इझोबेल समजावून सांगते. प्रत्येकीच्या दिमतीला एकेक भूत आहे आणि प्रत्येकाचा पोशाख वेगळा. एकाचा गवतासारखा हिरवा, दुसऱ्याचा पिवळा, तिसऱ्याचा समुद्राच्या हिरव्या रंगाचा. एक भूत म्हातारं आणि जरा खुळचट आहे. न्यायालयाला या रंगांचा काय उपयोग? काहीच नाही. रंग आहेत कारण सांगणारीला ते दिसत होते, आणि दिसलं ते सांगितल्याशिवाय तिला राहवत नव्हतं.

सशाचा प्रसंग या जबाबातला सगळ्यांत घडीव प्रसंग म्हणावा लागेल. सैतानाचा काही निरोप घेऊन इझोबेल सशाच्या रूपात सकाळी ऑल्डर्नकडे निघते. वाटेत एकाचे गडी कामावर चाललेले, त्यांच्याबरोबर शिकारी कुत्रे. कुत्रे तिच्या मागे लागतात. ती धावते, खूप लांब धावते. शेवटी नाइलाजाने स्वतःच्याच घराकडे वळते. दार उघडं आहे. आत शिरून ती एका पेटीमागे दडते. कुत्रे मागोमाग आत येतात, पण पेटीच्या दुसऱ्या बाजूने जातात. तेवढ्यात ती बाहेर सुटते, दुसऱ्या घरात घुसते आणि तिथे तिला परत बाई होण्याचा मंत्र म्हणण्यापुरता अवकाश मिळतो.

या कथनात एकही फालतू शब्द नाही. दार उघडं असणं, पेटी, कुत्र्यांनी चुकीची बाजू धरणं, प्रत्येक तपशील धावण्याच्या वेगात आपल्या जागी येऊन बसतो. आणि घर या ठिकाणी आसरा देत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. ती स्वतःच्या घरात शिरते आणि तिथेही तिला लपावं लागतं. पुढे ती एक नियमही सांगून ठेवते. ससा असताना कुत्रे जीव घेऊ शकत नाहीत, पण चावे घेतात, आणि बाईच्या रूपात आल्यावर ते चावे अंगावर राहतात.

सशात शिरण्याचा तिचा मंत्र यमकात बांधलेला आहे आणि त्यात दुःख, उसासे आणि काळजी यांची नावं घेतलेली आहेत. मला हे विलक्षण वाटतं. रूप बदलून मोकळं व्हावं, रान तुडवावं, अशी कल्पना कुणीही करील. इझोबेलच्या मंत्रात मात्र सशाचा देह घेणं म्हणजे सशाची धास्तीही अंगावर घेणं आहे. जाताना नाव सैतानाचं घ्यायचं, आणि परत येण्याच्या मंत्रात देव सशाला काळजी देवो असं म्हणायचं. ती धास्ती सशाकडेच सोडून यायचं. एका मंत्रात सैतान आणि दुसऱ्यात देव, आणि यात काही विसंगत आहे असं तिला जाणवत नाही. ताप उतरवायचे, दुखणं काढायचे जे मंत्र ती सांगते त्यांतही पवित्र त्रिमूर्तीची नावं आहेत. १५६० साली स्कॉटलंडच्या संसदेने जुना कॅथलिक पंथ मोडून काढला. त्याला शंभर वर्षं होऊन गेली तरी खेड्यातल्या बायकांच्या तोंडी जुन्या प्रार्थनांचे तुकडे औषधासारखे राहिले होते. नव्या पंथाच्या धर्मोपदेशकाला तेच तुकडे चेटूक वाटत होते.

तिच्या जादूची सगळी अवजारं घरातली आणि शेतातली आहेत. गाईचं दूध चोरायचं तर दोर उलटा पिळायचा, तो गाईच्या मागच्या पायांमधून घालून पुढच्या पायांमधून ओढून काढायचा. दूध परत द्यायचं असेल तर दोर कापायचा. रात्री मेळ्याला जाताना नवऱ्याला पत्ता लागू नये म्हणून अंथरुणात आपल्या जागी केरसुणी ठेवायची. उडायचं तर वाळकी काडी किंवा शेंगांच्या वेलाचा देठ पायांत धरायचा. वारा उठवायचा तर चिंधी भिजवायची आणि धोपाटण्याने दगडावर बडवत तीनदा मंत्र म्हणायचा. वारा पाडायचा तर तीच चिंधी वाळवायची. तरीही वारा ऐकेना, तर आपल्या भुताला हाक मारून त्याला कामाला लावायचं. पावसावर आमची सत्ता नाही, हेही ती सांगून टाकते.

पावसाबद्दलच्या त्या कबुलीने मी दर वेळी थबकते. जी बाई सैतानाच्या नांगरामागून फिरल्याचं सांगते, तिला पाऊसही पाडता येतो असं म्हणायला काय हरकत होती? खोटं बोलायचंच असतं तर मर्यादा कशाला घालायची? तिच्या मनातली जादू म्हणजे मन मानेल ते करण्याची मुभा नव्हती. तिला रीत होती, साधनं होती, येतं आणि येत नाही अशी हद्द होती. लोकपरंपरेतलं ज्ञान असंच असतं, आणि ते तिने प्रश्नकर्त्यांकडून उचललेलं नाही. कपडे धुणाऱ्या बाईच्या हातातलं धोपाटणं वाऱ्याशी जोडणारी कल्पना एडिंबराच्या कुठल्या वकिलाला सुचली नसती.

सुरुवातीच्या नांगराकडे पुन्हा पाहिलं तर तिथेही हीच शिस्त दिसते. नांगराचा एकही भाग वगळलेला नाही आणि प्रत्येक भाग उलटा केला आहे. बैलांच्या जागी बेडूक. दोरांच्या जागी शेतकरी जे उपटून फेकतो तेच गवत. फाळ अशा जनावराच्या शिंगाचा ज्याची वीण खुंटवलेली आहे. वेळ फेब्रुवारीच्या आरंभीच्या मेणबत्त्यांच्या सणाआधीची, म्हणजे नांगरणीचा हंगाम तोंडावर आलेला असताना. वांझपणा पेरण्यासाठी शेतीचं सगळं व्याकरण वापरलेलं आहे. एखाद्या प्रतिमेचा तळापर्यंत विचार कसा करावा, हे कवींनी इथून शिकावं.

एक भाग वाचवत नाही, पण टाळताही येत नाही. पार्कच्या जमीनदाराचे मुलगे जगू नयेत म्हणून केलेल्या मातीच्या बाहुलीचा. मेळ्यातला एक जण शालीच्या टोकात माती बांधून आणतो. ती पिठासारखी बारीक करतात, चाळतात, पाणी घालून घट्ट मळतात आणि तिचं मूल घडवतात. सगळे अवयव जागच्या जागी, हात दोन्ही बाजूंना. मग विस्तवापुढे ठेवून लालबुंद होईपर्यंत भाजतात. एक दिवसाआड भाजायचं, मग कापडात गुंडाळून ठेवायचं. बाहुली फुटली नाही तर शंभर वर्षं टिकेल. करणीचं वर्णन करताना इझोबेलचा आवाज चढत नाही. रोजची भाकरी करणारे हात जितक्या सवयीने चालतात तितक्या सवयीने ती सांगते, आणि तो सवयीचा स्वरच वाचणाऱ्याला हादरवतो. त्या घरातली मुलं खरोखरच गेली होती. त्या काळात लहान मुलं मरणं ही जमीनदारांच्या घरातही नेहमीची गोष्ट होती, आणि अशा मृत्यूला कुणीतरी जबाबदार असलं पाहिजे ही गरजही नेहमीची होती. इझोबेलने तो मृत्यू आपल्या अंगावर घेतला. तिने खरंच कधी माती मळली होती का, की शेजारणींच्या कुजबुजीत ऐकलेलं स्वतःच्या नावावर सांगितलं? मजकुरातून मला एवढंच ऐकू येतं की भाजण्याची कृती तिला पूर्ण माहीत होती.

हॅरी फोर्ब्ज समोर बसून ऐकत होता, हे वाचताना विसरता कामा नये. कारण त्याच्यावरची करणीही ती त्याच्याच तोंडावर सांगते. तो आजारी असताना मेळ्याने एक पिशवी तयार केली. बेडकाची आतडी आणि पित्त, सशाचं काळीज, धान्याचे दाणे, नखांचे तुकडे, हे सगळं रात्रभर भिजवून. ती त्याच्या अंगावरून ओवाळायची आणि तो मरावा अशी इच्छा धरायची. तो बेत फसला. आपल्या आजारपणाची अशी हकीकत आपल्याच आरोपीकडून ऐकणारा माणूस, त्याच्यासमोर ती सांगणारी बाई, आणि कोपऱ्यात टाक चालवणारा नोटरी. त्या खोलीत भीती एका बाजूलाच होती असं मला वाटत नाही. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच गावातली मोठी माणसं तिचं बोलणं श्वास रोखून ऐकत होती. चार जबाब इतके लांबत गेले, इतके भरत गेले, त्यात या ऐकण्याचाही वाटा असावा.

पऱ्यांच्या टेकडीचा भाग येतो तेव्हा मात्र ऐकणारे कमी पडतात. डाउनी टेकडीच्या पोटात इझोबेल गेली. पऱ्यांच्या राणीने तिला जेवायला घातलं, पोटात मावेना इतकं. राणीच्या अंगावर पांढऱ्या तागाची आणि पांढऱ्या-तपकिरी रंगाची वस्त्रं. राजा देखणा, रुंद चेहऱ्याचा. तिथे पऱ्यांचे बैल हंबरत, डरकाळ्या फोडत फिरत होते आणि त्यांना ती भ्यायली. सैतानाचे चाबूक खाल्ल्याचं सांगणारी बाई इथे बैलांना घाबरते, आणि भुकेल्या माणसाला स्वर्ग जसा दिसेल तसा तिला तो दिसतो. भरपूर अन्न, आणि ते वाढणारी चांगल्या कपड्यांतली बाई. राणीच्या वस्त्रांचे रंग सांगून होतात न होतात, तोच जॉन इन्स ‘वगैरे’ अशी खूण करतो. राजाच्या चेहऱ्याशी पुन्हा तीच खूण. पऱ्या त्याच्या कामाच्या नव्हत्या. सैतानाशी करार केला की फाशी, पऱ्यांकडे जेवलं तर काय, याचं कलम त्याच्याकडे नव्हतं. सैतानाबद्दलचं ऐकीव ज्ञान त्याने शब्दन् शब्द उतरवून घेतलं आणि तिचं स्वतःचं जग आलं तिथे हात आखडला. या जबाबाने माझं सगळ्यांत मोठं नुकसान त्या दोन खुणांपाशी केलं आहे.

टेकडीतच बाण तयार होतात. सैतान ते आपल्या हाताने घडवतो आणि मग पाठीला पोक आलेली, घोगऱ्या आवाजात बोलणारी बुटकी पोरं दाभणासारख्या टोकदार हत्याराने ते तासून धारदार करतात. या बाणांना धनुष्य लागत नाही. अंगठ्याच्या नखावरून टिचकीने उडवायचे. लागला की चिलखत घातलेला माणूसही मरतो. हे बाण खरेच अस्तित्वात होते. नवाश्मयुगातली गारगोटीची बाणाग्रं त्या किनाऱ्यावरच्या वाळूत आणि नांगरलेल्या शेतांत सापडत. इतकी नाजूक कारागिरी माणसाच्या हातची असेल हे कुणाच्या मनात येत नसे. जनावर अचानक कोसळलं की त्याला पऱ्यांचा बाण लागला असं स्कॉटलंडभर म्हणत, आणि सापडलेलं बाणाग्र काही जण चांदीत मढवून ताईत म्हणून जपत. हजारो वर्षांपूर्वीच्या कारागिराचा दगड हातात धरून इझोबेलच्या पिढ्यांनी त्याभोवती एक अख्खा कारखाना रचला, त्यात कामाला पोरं ठेवली, त्यांच्या पाठीला पोक दिलं. सतत वाकून काम करणाऱ्यांच्या पाठी कशा होतात हे त्यांना रोज दिसत होतं.

या जबाबाचं पुढे जे झालं ते थोडक्यात सांगते. सर वॉल्टर स्कॉटने १८३० साली भुताखेतांवरच्या आपल्या पुस्तकात इझोबेलचा उल्लेख केला. रॉबर्ट पिटकेर्नने १८३३ साली जुन्या फौजदारी खटल्यांच्या संग्रहात पूर्ण मजकूर छापला. १९२१ साली मार्गारेट मरेने इझोबेलच्या तेरा जणांच्या मेळ्यावरून युरोपभर पसरलेल्या एका गुप्त जुन्या धर्माचा सिद्धांत उभारला. तो इतिहासकारांनी कधीच फेटाळला, आणि बरंच झालं, कारण त्यात इझोबेल हरवून तिची फक्त आकडेमोड उरली होती. संगीतकार जेम्स मॅकमिलनने १९९० साली तिच्या नावाने वाद्यवृंदासाठी रचना केली, तिच्यासाठी न म्हटली गेलेली मृत्युप्रार्थना म्हणून. एमा विल्बी या अभ्यासिकेने मूळ हस्तलिखितं शोधून २०१० साली तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. गोष्टी सांगण्यात मुरलेली आणि कदाचित खरोखर दृष्टान्त होणारी बाई म्हणून विल्बी तिच्याकडे पाहते. मला हे वाचन जवळचं वाटतं. २०२२ च्या ८ मार्चला स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी चेटकाच्या कायद्याखाली छळल्या गेलेल्या सगळ्यांची संसदेत माफी मागितली. इझोबेलला फाशी झाली की ती सुटली, याचा कागद उरलेला नाही.

पश्चात्तापाचे तिचे शब्द उरले आहेत. आपली इथे असं बसायची लायकी नाही, लोखंडी कुळवाखाली घालून आपल्याला फाडायला हवं, असं ती म्हणते. स्वतःच्या मरणासाठीही तिला शेतातलंच अवजार आठवतं. हे शब्द धर्मोपदेशकाला खूश करण्यासाठी आले असतील किंवा थकून आले असतील. त्यात खरंही काही असेल. पण ज्या माणसांना बाणाने मारल्याचं ती सांगते, त्यांच्याबद्दलचा खेद जबाबात अधूनमधून उगवत राहतो. मेळ्याबरोबरच्या पहिल्याच फेरीत तिने नांगर धरलेल्या एका माणसाला बाण मारला आणि तो तोंडावर पडला, हे ती ज्या बारकाईने सांगते, त्यात बढाईपेक्षा धक्का जास्त आहे.

आणि मग तो चुकलेला बाण. पार्कचा जमीनदार ओढा ओलांडत होता तेव्हा इझोबेलने त्याच्यावर नेम धरला. बाण लागला नाही. देवाने त्याला वाचवलं याबद्दल ती आता देवाचे आभार मानते, आणि लगेच पुढे सांगते की नेम चुकला म्हणून मेळ्यातल्या बेसी हे हिने तिला जोरात चपराक मारली. मला हा सगळ्या जबाबाचा कळस वाटतो. आभार न्यायासनासमोर मानलेले आहेत, ते तिथे मानावेच लागतात. चपराक मात्र कुणी मागितलेली नव्हती. ती आरोप वाढवत नाही, कमी करत नाही, सैतानाचं काही सिद्ध करत नाही. ओढ्याच्या काठी दोन बायका उभ्या आहेत, एकीचं काम बिघडलं आहे आणि दुसरीने तिच्या थोबाडीत दिली आहे, एवढंच. जॉन इन्सने ते पूर्ण लिहून घेतलं. तिथे त्याने वगैरेची खूण केली नाही.